नंबर दोनपासून हजेरी

मी गोष्ट सांगायला लागलो की आमच्या घरचे लोक मनातल्या मनात तिच्यातलं निम्मं पाखडून टाकतात. तुम्हीही टाका, माझी हरकत नाही. पण अकोल्याला जठारपेठेत ज्यांच्या माडीवर मी तीन वर्षं भाड्यानं राहिलो, त्या गुरुजींबद्दल सांगताना मला फारसं वाढवावंच लागत नाही. हा माणूस मुळातच इतका फुगलेला होता की त्यात आणखी हवा भरायला मला जागाच सापडली नाही.

अंगानं मात्र काडी. पांढरा पायजमा, वर बिनकॉलरचा सदरा, चष्म्याला मागून काळा दोरा. वाऱ्याची झुळूक आली की आम्हाला वाटायचं आता गुरुजी दोरीवरच्या कपड्यांसोबत वाळत पडणार. सगळं मांस देवानं गळ्यात भरलं होतं. गुरुजी जठारपेठेत शिंकले की मूर्तिजापूरच्या फलाटावर माणसं गाडी आली समजून सामान उचलत. हे मी पाहिलेलं नाही, पण नाकारणारा माणूसही मला अजून भेटला नाही.

मी सामान घेऊन आलो ते भर एप्रिलात. अकोल्याचा एप्रिल म्हणजे विहिरीतली बेडकं अंगाला मुलतानी माती लावून बसतात. रात्रभर घामानं भिजून पहाटे कुठे डोळा लागला, आणि साडेसहाला खालून आवाज आला.

"नंबर दोन, निंब!"

क्षणभर शांतता. मग तोच आवाज, जरा बारीक करून, "हजर!"

"नंबर तीन, नळ!"

शांतता. आणखी शांतता.

"नंबर तीन, रजेवर. चौथा दिवस. अर्ज नाई दिला पोट्ट्यानं."

मी गॅलरीत येऊन वाकून पाहिलं. अंगणात निंबाखाली गुरुजी उभे. हातात शाळेतला असतो तसा लांबोडा हजेरीपट, कानावर लाल पेन. समोर वर्ग नाही, पोरं नाहीत. एक बादली, एक कुलर आणि एक भोवऱ्यासारखी फिरणारी खारोटी, म्हणजे खार. मी मनात म्हटलं, घरमालक चांगला मिळाला, पण डोक्यानं रजेवर दिसतो.

माझं ते मत पुढे बदललं. माझं स्वतःचंच डोकं रजेवर आहे असं मला वाटू लागलं.

त्याचं असं होतं. गुरुजींनी छत्तीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये रोज सकाळी हजेरी घेतली होती. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं अंगणात उभे राहिले, तोंड उघडलं, आणि हाक मारायला कोणीच नाही. तोंड उघडंच राहिलं. मग म्हणे समोर निंब दिसला. हा इतकी वर्षं रोज येतो आहे आणि याचं नाव कधी घेतलंच नाही, असं वाटून त्यांनी हाक मारली, "निंब!" त्या दिवशी सुरू झालेली हजेरी मी राहायला गेलो तेव्हा नवव्या वर्षात होती आणि पट बाविसाव्या नंबरपर्यंत पोचला होता.

नळ होता. लाईन होती, म्हणजे वीज. कुलर होता. उजवा गुडघा, डावा गुडघा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा. मागच्या गल्लीतून येणारी खाऱ्या शेंगदाण्यांची आरोळी. अमरावतीला दिलेल्या मुलीचा सकाळचा फोन. बिनकामाचं, पण टिकटिक करणारं भिंतीवरचं घड्याळ. नियम एकच. ज्याला आवाज आहे त्यानं स्वतः उत्तर द्यायचं. ज्याला नाही त्याच्या वतीनं गुरुजी द्यायचे. "उजवा गुडघा!" म्हटलं की गुरुजी किंचित खाली बसत, आणि गुडघा असा 'कटक' बोले की खारोटी निंबावर पळे. "हजर!" कुलर घरघरे. शेजारच्या माणसाच्या मोटारसायकलला मात्र त्यांनी कधी नाव दिलं नाही. "ते पोरगं वर्गात लय गडबड करते," म्हणाले.

नळाचं कौतुक सगळ्यात जास्त. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी यायचा, आणि आला की सगळी जठारपेठ ड्रम, टाक्या, पितळी गुंड, पातेली, हाती लागेल ते घेऊन पळायची. गुरुजी नळाजवळ जाऊन उभे राहत. "ये बापा. तब्येत बरी हाय न? चार दिवस दिसला नाई." तोवर आत-बाहेर करून काकूंच्या बारा बादल्या भरून झालेल्या असत. कंबरेवर गुंड घेऊन त्या म्हणत, "तुमी त्याची आरती करा. मी भरते पाणी."

काकू म्हणजे गुरुजींच्या सौभाग्यवती. अंजनगाव सुर्जीच्या माळी घरातल्या. त्यांच्या हातचं वांगं खाल्लं की माणूस कोर्टात साक्ष फिरवील. स्वयंपाकघर अंगणाला लागून, त्याची खिडकी बरोबर निंबासमोर. सकाळी त्यांचा चहा तिथे उकळत असायचा, आणि चहात आलं. ते आलं त्या लोखंडी खलबत्त्यात कुटायच्या. ठण, ठण, आणि बत्त्याला चिकटलेलं खाली पडावं म्हणून काठावर एक हलकीशी टिंग. ठण, ठण, टिंग. त्यानंतर गुरुजींची हजेरी. हा क्रम मी रोज ऐकत होतो आणि इतका शहाणा, की मला तो ऐकूच येत नव्हता.

आल्यावरून आठवलं. गुरुजींना बाजारात पाठवणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. रस्त्यात प्रत्येक झाडाशी, प्रत्येक गायीशी यांची ओळख. पिशवीत सांबार आण म्हटलं तर हे रिकामी पिशवी घेऊन येणार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यामुळे बाहेरगावचा माणूस आमच्या स्वयंपाकघरात दोन दिवस गोंधळलेला असतो. पण गुरुजी तर इथलेच. तेल विसरत, साखर विसरत. आलं मात्र एकदाही विसरले नाहीत. घरात आलं असो नसो, पिशवीत आलं. काकू वैतागून म्हणत, "ह्या फ्रिजात आता आल्याचं वावर झालं. पुढच्या वर्सी पाणी सोडते त्याले."

एकदा आमच्या कंपनीनं एका हॉटेलात आम्हा सगळ्या विक्री-प्रतिनिधींना गोळा केलं आणि पुण्याहून एक बाई आणल्या. त्यांनी आम्हाला माइंडफुलनेस शिकवला. प्रत्येकाच्या हातावर एक मनुका ठेवला आणि तो दहा मिनिटं खायला लावला. आधी पाहा, मग हुंगा, मग कानाशी धरा. माझ्या शेजारचा खतविक्या माणूस उपाशीपोटी आला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना वाटलं, कृतज्ञता. शेवटी त्यांनी आम्हाला एकेक वही दिली आणि रोज तीन गोष्टींचे आभार लिहायला सांगितलं.

मी येऊन गुरुजींना सगळं सांगितलं. ते गंभीरपणे ऐकत होते.

"मनुक्याले इचारलं का त्या बाईनं, तू हायस का म्हणून?"

"नाई इचारलं."

"मंग कायचं लक्ष? नाव न घेता नुसतंच तोंडात टाकलं." मग लाल पेन माझ्यावर रोखून म्हणाले, "पाह्य लेका. माणूस गेल्यावर त्याचं नाव घेतलं त्याले श्रद्धांजली म्हणतात. असताना घेतलं त्याले हजेरी. बस, इतकंच हाय ते. हॉटेल कायले पाह्यजे?"

हे त्यांचं लाडकं वाक्य. आल्यागेल्याला ऐकवत. त्यांना कुठे ठाऊक, हेच वाक्य एक दिवस बूमरँगसारखं फिरून त्यांच्याच टाळक्यात बसणार होतं.

आता मुख्य गोष्ट. हजेरी नंबर दोनपासून का?

हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. गुरुजी म्हणाले, "वर्गात पयला नंबर कोणाचा हे इचारायचं नसते. दिसते." मला काही दिसलं नाही. दूधवाल्याचं म्हणणं, पहिला नंबर देवाचा. इस्त्रीवाला म्हणे, गुरुजींचा स्वतःचा. मी माझी अक्कल चालवून असं ठरवलं की पूर्वी कोणीतरी पहिल्या नंबरावर असेल, वारलं असेल, म्हणून जागा मोकळी. आणि गप्प बसलो.

दुसऱ्या वर्षी मला एक वेगळंच वेड लागलं. त्या पटात आपलं नाव यावं. हसू नका. ज्या घरात शेंगदाण्याच्या आरोळीला नंबर आहे, तिथे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जित्याजागत्या माणसाला नसावा? मी गॅलरीतून खोकून पाहिलं, सहा वाजता आंघोळ करून गाणी म्हटली. गुरुजींनी पटावरून मान वर केली नाही. एकदा तर सरळ विचारलं, "गुरुजी, माहं नाव?"

"तू कुठं हाय?"

"हा काय, तुमच्यासमोर."

"अंग हाय समोर. तू त्या मोबाईलात हायस."

मग तिसऱ्या वर्षी एके सकाळी मोबाईल बिघडून दुरुस्तीला गेला होता, म्हणून मी पायरीवर नुसता चहा पीत बसलो. नुसता चहा पिण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग. दोन घोट घेतले आणि सहज बोललो, "आज आलं जरा जास्त पडलं वाटते. बरं लागून रायलं."

गुरुजी निंबाखाली थबकले. हळूहळू वळले. कानावरचं पेन काढलं, पटाचं पान उलटलं, आणि जठारपेठेतल्या सगळ्या कबुतरांना उडवून लावणाऱ्या आवाजात म्हणाले, "नंबर तेवीस! माडीवरचा भाडेकरू!"

"हजर!" मी ओरडलो. खरं सांगतो, दहावी पास झालो तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. मी पळत जाऊन कोपऱ्यावरून पेढे आणले, गुरुजींना दिला, खारोटीला टाकला, आणि एक घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेलो.

"काकू, पेढा घ्या! माही हजेरी लागली!"

काकूंनी पेढा घेतला नाही. त्यांच्या हातात बत्ता होता. तो त्यांनी सावकाश खाली ठेवला, पदरानं हात पुसले आणि अंगणात आल्या. मला बाजूला सारून त्या गुरुजींसमोर उभ्या राहिल्या.

"निंब हाय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "नळ हाय, येत नाई तरी हाय. गुडघे दोन्ही हाय, त्याईले तेल कोण लावते ते नाई. आता माडीवरचा पोरगाबी हाय. त्याले आज चहात आलं समजलं न् तुमी त्याले नंबर देल्ला. मी एक्केचाळीस वर्सं झाली चहा करून रायली. मी कोण्या वर्गात हाव, मास्तर?"

काकूंनी गुरुजींना 'मास्तर' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

गुरुजींचं तोंड उघडलं. "अवं, तू..."

"अवं," काकू म्हणाल्या. "हे नाव हाय का माहं? गेल्यावर नाव घेतलं त्याले श्रद्धांजली म्हणतात, तुमीच सांगता न सगळ्याईले? मंग मी त्याची वाट पाहू का?"

एवढं बोलून त्या आत गेल्या. अर्ध्या तासात पिशवी भरून बाहेर आल्या. "अमरावतीले चालली, पोरीकडं. ज्याईची हजेरी लागते त्याईनं सैपाक करा. कुलरले सांगजा वरण कसं लावायचं ते." फाटक वाजलं आणि काकू गेल्या.

मी पेढ्याचा पुडा हातात धरून उभा. या सगळ्याला कारण कोण, तर नंबर तेवीस.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी गॅलरीत आलो. गुरुजी निंबाखाली उभे होते, पट उघडा, पेन हातात. पण तोंडातून शब्द नाही. पाच मिनिटं गेली. दहा. कुलर न विचारता घरघरत होता. नळाला त्या दिवशी पाणी आलं होतं आणि तो बिचारा नाव ऐकायला मिळेल या आशेवर वाहत होता.

"गुरुजी, सुरू करा न."

त्यांनी नुसता हात वर केला. थांब. शेवटी पट मिटून आत गेले. नळ तसाच वाहत राहिला, तो मीच जाऊन बंद केला.

त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. गुरुजींनी जेवण म्हणून दोन दिवस माझेच पेढे खाल्ले. मला पाहवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, निदान म्हाताऱ्याला चहा तरी पाजू. खाली स्वयंपाकघरात गेलो, आधण ठेवलं, फ्रिजातल्या त्या आल्याच्या वावरातून एक तुकडा उपटला आणि खलबत्त्यात टाकून हाणला. ठण! ठण!

आणि खिडकीबाहेर गुरुजींचा आवाज घुमला, "नंबर दोन..."

मी आनंदानं आणखी एक हाणला. ठण!

आवाज तुटला. काही क्षणांत गुरुजी स्वयंपाकघराच्या दारात. डोळे असे, की मी चौथीत शेजाऱ्याची वही पाहताना पकडला गेलो तेव्हा आमच्या बाईंचेही नव्हते.

"प्रॉक्सी!" ते म्हणाले. "प्रॉक्सी देतो, लेका? माह्या वर्गात?"

"मी तं आलं कुटून रायलो, गुरुजी."

"टिंग कुठं हाय?"

"काय?"

"काठावर टिंग. तिसरा ठोका." त्यांनी माझ्या हातून बत्ता घेतला, पण स्वतः वाजवला नाही. नुसता धरून उभे राहिले. "तिचा तिसरा ठोका हलका असते. छत्तीस वर्सं पोट्ट्याईचे आवाज ऐकले म्या. मले फसवतो?"

मग कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी बाहेर पळालो, निंबाखाली पडलेला पट उचलला आणि आयुष्यात प्रथमच उघडून पाहिला. दुसऱ्या ओळीत निंब. तिसरीत नळ. आणि पहिल्या ओळीत नावाचा रकाना कोरा. पण त्यापुढच्या चौकटी भरलेल्या. हजर, हजर, हजर. मी मागची पानं उलटली. मुलीच्या बाळंतपणाला काकू गेल्या असतील तेव्हाच्या चौकटींत 'रजेवर' लिहिलेलं. एरवी अकरा वर्षं, दर महिना, पहिली ओळ बिननावाची आणि हजर. फक्त गेल्या तीन चौकटींत काहीच नव्हतं. हजर नाही, रजेवर नाही. लिहायला गुरुजींचा हात धजलाच नव्हता.

"गुरुजी," मी म्हटलं, "हे काकूंले काहून नाई सांगितलं तुमी?"

"नाव घ्या लागते न."

"मंग घ्या!"

ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी त्यांना जठारपेठेच्या चौकात बिनसदऱ्याचं नाचायला सांगितलं.

मी पायजमा बदलायलाही वेळ दिला नाही. पट काखेत मारला, गुरुजींना पुढे घातलं, आणि आम्ही अमरावतीची बस धरली. निघताना गुरुजींनी पिशवी घेतली. त्यात काय होतं ते सांगायला नको.

मूर्तिजापूरला बस थांबली तसे गुरुजी स्टेशनाच्या दिशेला पाहू लागले. शकुंतला, आमची ती छोट्या रुळांची गाडी, इथूनच अंजनगावकडे जायची. आता तिचे रूळ गवतात झोपलेत. ती चालू होती तेव्हाही झोपेतच चालायची. माणसं उतरून बोरं तोडत आणि पुन्हा त्याच डब्यात चढत. एका माणसाचं म्हणे चढताना लग्न ठरलं आणि उतरताना मुलाची मुंज.

"हिच्यातच वरात आली आमची," गुरुजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "लग्नात नवरीचं नाव बदलायचं, तांदळात लिहायचं. आमच्या बाबांनी नाव काढलं, वैजयंती. ताट होतं एवढंसं. मी अंगठीनं लिहाले बसलो, मास्तरचं अक्षर, मोठ्ठं. 'वैज' लिहिलं न् ताट सरलं. लोकं म्हणे, वैज म्हणजे काय?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"गाडीत म्या तिले इचारलं, तुले घरी काय म्हणतात? तिनं सांगितलं. जमना. इतकं हळू सांगितलं, लेका, त्या गाडीपेक्षाबी हळू. मले लय गोड वाटलं. म्हटलं, आपण हेच म्हणू."

"मंग?"

"डब्यात माही मावशी बसली होती. मावशीसमोर बायकोचं नाव कसं घ्यावं? म्हटलं, घरी गेल्यावर घेऊ. घरी आई होती. मंग पोरगी झाली, तिच्यासमोर 'तुही आई' म्हणू लागलो. मंग शाळा." त्यांनी चष्मा पुसला. "उशीर होत गेला. न् मंग इतका उशीर झाला की आता घेतलं तं ती म्हणन, याले काय झालं."

बस सुटली. छत्तीस वर्षांत हजारो पोरांची नावं बिनचूक घेणारा माणूस, आणि घरातल्या एका नावाला शेवटच्या बाकावर बसवून विसरलेला. विसरलेला तरी कुठे?

मुलीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दार तिनंच उघडलं. बापाला पाहून हसली, आणि माझ्या काखेतला पट पाहून आणखी हसली. काकू बाल्कनीत मांडी घालून सांबार निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

गुरुजी उंबऱ्यातच उभे. उशिरा आलेलं पोरगं वर्गाच्या दारात उभं राहतं, अगदी तसे. मीच पुढे झालो आणि पट काकूंच्या पुढ्यात उघडून ठेवला.

"काकू, पयली ओळ पाहा."

त्यांनी हात झटकले आणि पाहिलं. पान उलटलं. मागचं उलटलं. बराच वेळ उलटत राहिल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, "हे पयली हजेरी कोणाची?"

"तुहीच," दारातून आवाज आला.

"उत्तर कोण देल्लं? मी तं कधी 'हजर' म्हटलं नाई."

"तू आलं कुटत होती न. ठण, ठण, टिंग. तू घरी असली की ते झाल्याबिगर म्या कधी हजेरी सुरू केली नाई."

काकूंनी डोळे बारीक केले. "न् एखांद्या दिवशी आलं सरलं असतं तं?"

"म्हणून तं मी आणतो," गुरुजी म्हणाले आणि पिशवी पुढे केली.

मुलगी फस्सकन हसली. काकूंनी पिशवीत डोकावून पाहिलं. मला वाटलं, झालं, जिंकलो. पण काकूंनी पट पुन्हा समोर ओढला आणि पहिल्या ओळीच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"अकरा वर्सं बिननावाची हजर हाव मी. शाळेत असा पट दाखवला असता तं साहेबानं तुमाले घरी धाडलं असतं. नाव कुठं हाय?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मुलगी पडद्याकडे पाहू लागली. गुरुजींनी घसा खाकरला, सदरा खाली ओढला, आणि पूर्ण शाळेच्या आवाजात म्हणाले, "नंबर एक! वैजयंती!"

अख्खी इमारत हादरली. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर घाबरून शिट्टी द्यायचा थांबला. काकू मात्र शांतपणे सांबाराची पिवळी पानं काढत राहिल्या.

"या नावाची पोरगी ह्या वर्गात नाई," त्या म्हणाल्या.

गुरुजींच्या गळ्यातला तो सगळा आवाज कुठेतरी गेला. ते पुढे आले, कट-कट करत दोन्ही गुडघे वाकवून काकूंसमोर खाली बसले, आणि मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले,

"जमना."

काकूंचे हात थांबले. पदर डोळ्यांकडे गेला, अर्ध्यातून परत आला.

"हजर हाय," त्या म्हणाल्या. "पण उशिराचा शेरा तुमच्या नावावर टाका, मास्तर. एक्केचाळीस वर्सं लेट."

गुरुजींनी कानावरचं लाल पेन काढून त्यांच्या हातात दिलं. काकूंनी पहिल्या ओळीच्या कोऱ्या रकान्यात स्वतःच्या हातानं नाव लिहिलं. या खेपेला रकाना पुरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं अकोल्यात. साडेसहाला मी गॅलरीत तयार. ठण, ठण, टिंग झालं. गुरुजींनी पट उघडला, खिडकीकडे पाहिलं, मावशी कुठे आसपास नाही याची खात्री करावी तसं फाटकाकडेही पाहिलं.

"नंबर एक, जमना!"

"हजर! वरडू नका, दूध उतू जाऊन रायलं!"

"नंबर दोन, निंब!"

तेविसाव्या नंबरपर्यंत हजेरी सुरळीत झाली. मी गॅलरीतून "हजर" म्हटलं. काकू चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. गुरुजी पट मिटेनात. तसेच घुटमळत उभे. मग माझ्या लक्षात आलं. या पटात घ्यायची राहिलेली एक हजेरी होती, आणि ती स्वतःची स्वतः घेता येत नाही.

"अवं... म्हणजे, जमना," गुरुजी म्हणाले, "न् माहं नाव?"

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव कधी घेत नाही. काकूंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला, पदर नीट केला आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

"घेते न," जाता जाता त्या म्हणाल्या. "तुमाले एक्केचाळीस वर्सं लागली. मी आत्ताच सुरू केलं. रांगेत राहा."